शिवणयंत्रामागून लिहिणाऱ्या बायका
(विभागीय महिला मेळाव्यात युनियनच्या चिटणिसांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



८ मार्च जवळ आला की सगळ्या युनियनांची पत्रके निघतात. त्यांतल्या बऱ्याच पत्रकांत एक वाक्य ठरलेले असते. ८ मार्च १८५७ रोजी न्यूयॉर्कच्या कापड कामगार स्त्रियांनी मोर्चा काढला, पोलिसांनी लाठ्या चालवल्या आणि त्याची आठवण म्हणून हा दिवस पाळला जातो, असे ते वाक्य. इतिहासाच्या अभ्यासकांनी या मोर्च्याचा शोध घेतला, त्या काळची वर्तमानपत्रे चाळली. त्यांना मोर्च्याचा पुरावा मिळाला नाही. नंतरच्या काळात कोणीतरी ही कथा जोडून दिली आणि ती पत्रकामागून पत्रकात उतरत गेली. यात कोणाला दोष देण्याचा आमचा हेतू नाही. एवढेच वाटते की जी खरी हकीकत आहे ती या कथेपेक्षा कितीतरी जास्त भरीव आहे, आणि ती ज्या बायकांनी घडवली त्यांची नावे मात्र आपल्यापर्यंत आली नाहीत. म्हणून आज शुभेच्छा थोडक्यात आटोपून आम्ही त्या बायकांविषयी बोलणार आहोत.

पहिला महिला दिन पाळला गेला तो रविवारी, २८ फेब्रुवारी १९०९ रोजी, अमेरिकेत. तेथील सोशलिस्ट पक्षाच्या राष्ट्रीय महिला समितीने तो पाळायचे ठरवले. त्या समितीत थेरेसा माल्कील नावाच्या बाई होत्या आणि या दिवसाचे श्रेय मुख्यतः त्यांना दिले जाते. पुढच्या वर्षी, १९१० च्या ऑगस्टमध्ये, कोपनहेगनला समाजवादी स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तेथे क्लारा झेटकिन वगैरे जर्मन पुढाऱ्यांनी सर्व देशांत असा दिवस पाळावा हा ठराव मांडला. १९११ साली युरोपात तो १९ मार्चला पाळला. ८ मार्च ही तारीख पक्की झाली ती रशियातल्या पेट्रोग्राडच्या गिरणी कामगार स्त्रियांमुळे. १९१७ साली त्या भाकरीसाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्याभरात झारचे सिंहासन गेले. झेटकिनबाईंचे नाव आपल्याकडे शिबिरांतून घेतले जाते. थेरेसाबाईंचे घेतले जात नाही.

या थेरेसाबाई मूळच्या अमेरिकन नव्हेत. १८७४ सालच्या १ मे रोजी रशियाच्या झारशाहीत, आज युक्रेनमध्ये असलेल्या बार नावाच्या गावी, ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मे दिवस तेव्हा अजून कामगार दिन झाला नव्हता, हा नुसता योगायोग. ज्यूंवर तेथे हल्ले होत, निर्बंध वाढत चालले होते. १८९१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्या कुटुंबाबरोबर न्यूयॉर्कला आल्या. लोअर ईस्ट साइड नावाच्या वस्तीत चाळीवजा इमारतीत बिऱ्हाड आणि कपड्याच्या कारखान्यात काम. भाषा येत नाही, शहर माहीत नाही, मुकादम म्हणेल तो दर. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून-घाटावरून आलेल्या आपल्या आज्या-पणज्यांचे असेच होते, हे सांगायला नको. मात्र एक फरक लक्षात घ्या. आल्यावर वर्षभरात, म्हणजे १८९२ मध्ये, या मुलीने लहान मुलांचे कोट शिवणाऱ्या कामगारांची युनियन उभी केली. त्यात बहुतेक ज्यू मुलीच होत्या. थेरेसाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. वय अठरा.

पुढे लग्न झाले. नवरा वकील, तोही समाजवादी. कारखाना सुटला, राहणे शहराबाहेर गेले. अशा वेळी आपल्याकडे म्हणतात, बाई सुटली बिचारी. पण या बाई सुटल्या नाहीत. 'न्यूयॉर्क कॉल' हे समाजवादी दैनिक मे १९०८ मध्ये निघाले. ते उभे करण्यात माल्कील पतिपत्नींचा वाटा होता आणि थेरेसाबाई त्यात सतत लिहीत राहिल्या. शिकागोहून 'सोशलिस्ट वुमन' नावाचे बायकांचे मासिक निघे, त्यातही त्या लिहीत. विषय ठरलेले, पण कोरडे नाहीत. सर्वांत कमी मजुरी बाईलाच का मिळते? बाईचे काम म्हणजे हलके काम, असे कोणी ठरवले? कारखान्यातून घरी गेल्यावर तिची दुसरी पाळी सुरू होते, तिचा हिशेब कोण धरणार? आणि एक विषय पक्षातल्या पुरुषांना झोंबणारा. व्यासपीठावर समतेची भाषणे करणारे आपले बंधू स्वतःच्या बायकोला सभेला आणत नाहीत, आणि पक्षात ज्या बाया येतात त्यांना केक भाजायला आणि वर्गणीचे डबे फिरवायला बसवतात, असे त्यांनी १९०९ साली छापून टाकले. पक्षाच्या बाहेरच्यांनी हे लिहिले असते तर शत्रूचा प्रचार म्हणून बाजूला सारता आले असते. घरच्याच बाईने लिहिले, त्यामुळे उत्तर देणे भाग पडले.

(येथे काही बंधू हसले, ते आम्ही पाहिले. चहापानाची जबाबदारी आज कोणाकडे आहे, ते त्यांनी जरा मागे वळून पाहावे.)

आता त्या कारखान्यांविषयी. शर्टवेस्ट म्हणजे बायकांचा शर्टासारखा बटणांचा ब्लाउज. त्या काळी ऑफिसात, दुकानात काम करणाऱ्या अमेरिकन बाया तो वापरत आणि त्याला मागणी प्रचंड होती. शिवणाऱ्या बहुतेक सोळा ते पंचविशीच्या मुली, त्यांत ज्यू सर्वांत जास्त, त्याखालोखाल इटालियन. आठवड्याला छप्पन्न-अठ्ठावन्न तास काम, हंगामात त्याहून जास्त. पुष्कळ ठिकाणी मालक थेट पगार देत नसे. कारखान्याच्या आतच कंत्राटदार असे, तो काही यंत्रे घेई, आपल्या हाताखाली मुली लावी आणि त्यांना काय द्यायचे ते तोच ठरवी. कंत्राटी पद्धत ही नवीन गोष्ट आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात ठेवावे. शिकाऊ म्हणून घेतलेल्या मुली तीन-चार डॉलरवर राबत आणि काम येऊ लागले तरी शिकाऊच राहत. सुया, दोरा, विजेचा खर्च, बसायची खुर्ची, कपडे ठेवायची जागा, सगळ्याचे पैसे पगारातून कापत. आणि घड्याळ! मालक काटे मागे सरकवून ठेवत, म्हणजे सुटी उशिरा होई. घड्याळावर नोकरी करणाऱ्या रेल्वेच्या माणसाला ही चोरी किती मोठी आहे ते वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

पॉलीन न्यूमन नावाची मुलगी लिथुआनियातून आली आणि अगदी लहान वयात ट्रँगल कंपनीत धागे कापायला लागली. फॅक्टरी इन्स्पेक्टर येणार म्हटले की या पोरींना मोठ्या खोक्यांत बसवून वर ब्लाउज रचून ठेवत. इन्स्पेक्टर पाहणी करून जाई, त्याला एकही लहान मूल दिसत नसे. हे आपल्याला ठाऊक आहे ते पॉलीनबाईंनी पुढे ते सांगितले आणि लिहिले म्हणून. इन्स्पेक्टरच्या अहवालात ते कधीच आले नसते. त्या पुढे समाजवादी पत्रांतून लिहू लागल्या आणि १९०९ साली स्त्री-वस्त्र कामगारांच्या युनियनने त्यांना पहिल्या पूर्णवेळ स्त्री संघटक म्हणून नेमले.

१९०९ च्या शरद ऋतूत दोन-तीन कारखान्यांत संप चालू होता. मालकांनी गुंड लावले होते. क्लारा लेमलिख या मुलीला असे मारले की तिच्या सहा बरगड्या मोडल्या. क्लारा १८८६ सालची, युक्रेनमधल्या खेड्यातली, १९०३ मध्ये आलेली. घरी वडिलांचा रशियन पुस्तकांना विरोध, तर हिने चोरून शिकून वाचलेली. ज्या युनियनमध्ये ती होती त्या लोकल २५ ची अवस्था काय होती? सभासद शंभराच्या आसपास आणि तिजोरीत चार डॉलर. आपल्या एखाद्या लहान शाखेचीही यापेक्षा बरी असेल.

२२ नोव्हेंबर १९०९ रोजी कूपर युनियन या सभागृहात सभा झाली. हजारो मुली आल्या. व्यासपीठावर मोठमोठे पुढारी, अमेरिकन कामगार महासंघाचे अध्यक्ष सॅम्युअल गॉम्पर्स स्वतः हजर. दोन तास भाषणे चालली. सगळ्यांचा सूर एकच, विचार करा, घाई करू नका, आम्ही पाठीशी आहोत. आम्ही पण पुढारीच आहोत, तेव्हा हा सूर कसा लावतात ते आम्हाला चांगले माहीत आहे. तेवढ्यात प्रेक्षकांतून क्लाराने बोलायची परवानगी मागितली. तिला वर घेतले. ती यिडिशमध्ये, म्हणजे आपल्या बोलीत, चार वाक्ये बोलली. भाषणे पुष्कळ झाली, आम्ही कोणत्या हालात काम करतो ते आम्हाला ठाऊक आहे, सार्वत्रिक संप पुकारावा असा माझा ठराव आहे, एवढाच त्याचा मतलब. सभागृह उठून उभे राहिले. अध्यक्षस्थानी फायगेनबॉम होते. त्यांनी ज्यू परंपरेतली जुनी शपथ घ्यायला लावली, शब्द मोडला तर हा वर केलेला हात वाळून जावो. दुसऱ्या दिवसापासून यंत्रे बंद पडू लागली. या संपाला 'वीस हजारांचा उठाव' म्हणतात. अमेरिकेत स्त्रियांचा एवढा मोठा संप त्याआधी झाला नव्हता.

संपाच्या काळात लेखणीने काय काम केले, ते आमच्या विषयाचे मर्म आहे. पहिले काही आठवडे मोठ्या वर्तमानपत्रांना या मुलींत रस नव्हता. पोरी आहेत, चार दिवसांत परत जातील, असा समज. तेव्हा यिडिश पत्रे आणि 'कॉल' हीच त्यांची पत्रे होती. २८ नोव्हेंबरला एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने क्लाराचा लेख छापला. तिने त्यात पगाराबरोबर टोपीविषयीही लिहिले. मुलींना टोप्या-कोट ठेवायला खोली नाही, भिंतीवरच्या खिळ्यांना अडकवायचे. एखादी मुलगी आठवडेच्या आठवडे दोन सेंटच्या कोरड्या खाण्यावर दिवस काढून पन्नास सेंटची नवी टोपी घेते आणि ती तेथे चुरगळून जाते. एवढी बारीक गोष्ट! कोणा पुरुष पुढाऱ्याच्या मागणीपत्रात टोपी आली नसती. पण ती वाचून ट्राममधल्या अमेरिकन बाईला कळले की या मुली आपल्यासारख्याच आहेत. मागणीपत्र प्रशासनाला कळते, टोपी लोकांना कळते, असे आमचे मत झाले आहे.

डिसेंबरअखेर 'कॉल'ने संपाचा खास अंक काढला आणि संपावरच्या मुली तो रस्त्यारस्त्यांवर विकत उभ्या राहिल्या. त्यातून संपनिधीला पैसे मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ज्या मुलीला अनोळखी माणसाशी बोलायची भीती वाटे तिला चौकात उभे राहून आपल्या लढ्याविषयी चार प्रश्नांची उत्तरे द्यावी लागली.

अटका चालूच होत्या. पहिल्या महिन्यातच सातशेहून अधिक मुलींना पकडले, काहींना सक्तमजुरीला पाठवले. एका न्यायाधीशाने तर, तुमचा संप देवाविरुद्ध आहे, असे सुनावले. मग श्रीमंत घरांतल्या काही बाया पुढे आल्या. मोठ्या बँकर जे. पी. मॉर्गन यांची कन्या अॅन मॉर्गन त्यांत होत्या. त्यांनी जामिनाचे पैसे भरले, मोटारी दिल्या, त्यांच्यामुळे वर्तमानपत्रांचे फोटोग्राफर आले. मालकांनी डिसेंबरात तडजोड पुढे केली. त्यात तास आणि मजुरीबद्दल काही होते, पण युनियनला मान्यता नव्हती. मुलींनी ती साफ फेटाळली. त्यानंतर या श्रीमंत बायांपैकी काहींचा सूर बदलला. १९१० च्या जानेवारीत अॅन मॉर्गन यांनी समाजवाद्यांवर जाहीर टीका केली, की हे लोक मुलींना भडकवतात.

थेरेसाबाईंना याचे आश्चर्य वाटले नाही. त्यांनी आधीपासून लिहिले होते की धनिकांची दया ही उसनी असते. आमचे मत विचाराल तर या वादात दोन्ही बाजूंना थोडे थोडे होते. कोठडीत असलेल्या मुलीला जामीन कोणाच्या पैशाने झाला याची चौकशी करायला वेळ नसतो. पैसा घ्यावा, पावती द्यावी. पण मागणी काय मांडायची आणि तडजोड कधी करायची, हे पावतीच्या बदल्यात कोणाच्या हाती देऊ नये. थेरेसाबाई अधिक कडक होत्या आणि त्यामुळे मताधिकाराच्या चळवळीतल्या पांढरपेशा बायांशी त्यांचे अनेकदा पटले नाही.

१९१० च्या फेब्रुवारीत संप मिटला. बहुसंख्य कारखान्यांनी करार केले. आठवड्याला ५२ तास, सुया-दोऱ्याचे पैसे बंद, काही पगारी सुट्या. शंभर सभासदांची लोकल हजारोंची झाली. पण ट्रँगल कंपनीने युनियनला मान्यता दिली नाही. दारे उघडी ठेवा, आगीतून सुटायचे जिने नीट करा, ही मागणी तेथे तशीच राहिली.

त्याच वर्षी थेरेसाबाईंनी या संपावर एक पुस्तक लिहिले, 'द डायरी ऑफ अ शर्टवेस्ट स्ट्रायकर', म्हणजे एका संपकरी मुलीची डायरी. कादंबरीच आहे, पण रोजनिशीच्या रूपात, तारखा घालून. आता गंमत पाहा. लिहिणारी बाई रशियातून आलेली ज्यू, संपकरी बहुतेक ज्यू, पण डायरी लिहिणारी मुलगी मेरी ही अमेरिकेत जन्मलेली दाखवली आहे. सुरुवातीला ती मजा म्हणून बाहेर पडते. ज्यू मुलींविषयी तिच्या मनात तिच्या लोकांच्या मनात असते तेवढीच अढी आहे. बाप रागावतो, लग्न ठरलेला जिम रागावतो. हळूहळू मोर्च्यात, कोठडीत ती त्या परक्या मुलींच्या जवळ येते आणि घरच्यांशी भांडायला शिकते. शेवटी जिमलाही वळावे लागते. आम्हाला वाटते थेरेसाबाईंनी हे जाणूनबुजून केले. परदेशी मुलींचे दुःख वाचून अमेरिकन वाचक पुस्तक मिटून ठेवेल. पण त्याच्याच घरातली मुलगी बोलू लागली तर त्याला पाने उलटावी लागतील. पुस्तक साधे आहे, काही पाने तर सरळ प्रचाराची आहेत, आणि तसे म्हणायला आम्हाला संकोच वाटत नाही. पण कोठडीत बाई एकटी बसते तेव्हा तिच्या मनात घरच्यांविषयी काय येते, ते ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने ते वाचावे. १९९० साली ते अमेरिकेत पुन्हा छापले गेले.

पुढे काय झाले ते आपल्यापैकी काहींनी ऐकले असेल. शनिवार, २५ मार्च १९११. काम सुटायची वेळ. ट्रँगलच्या आठव्या मजल्यावर आग लागली आणि नवव्या-दहाव्यापर्यंत चढली. नवव्या मजल्यावरचे एक दार कुलूपबंद होते, कारण मुलींनी माल चोरून नेऊ नये म्हणून एकाच दाराने सोडून त्यांच्या पिशव्या तपासत. बाहेरचा लोखंडी जिना वजनाने कोसळला. अग्निशमन दलाच्या शिड्या तेथपर्यंत पोहोचल्या नाहीत. मुली खिडक्यांतून रस्त्यावर उड्या टाकत होत्या. १४६ जण मेले, त्यांत १२३ मुली आणि बायका. मालक दोघे त्याच वर्षीच्या डिसेंबरात निर्दोष सुटले. दिवाणी दाव्यात तीन वर्षांनी एका जिवाचे ७५ डॉलर मिळाले.

यानंतर न्यूयॉर्क राज्याने चौकशी आयोग नेमला. फ्रान्सिस पर्किन्स या बाईंनी ती आग स्वतः रस्त्यावरून पाहिली होती. त्या या कामात उतरल्या आणि पुढे १९३३ साली अमेरिकेच्या मजूरमंत्री झाल्या. आयोगाच्या शिफारशींवरून तीसहून अधिक कायदे झाले. बाहेर उघडणारी दारे, आगीचे सराव, कामाच्या तासांवर मर्यादा. थेरेसाबाईंच्या पुस्तकाने या कायद्यांसाठी लोकमत तयार केले असे म्हटले जाते. ते खरे असेल, पण पुस्तक आगीच्या आधीच निघाले होते, हेही आम्ही सांगू. लोकांनी ते तेव्हा वाचले नव्हते असे नाही. कायदा मात्र १४६ चितांनंतर झाला. आणि दारांची कुलपे? २०१२ च्या नोव्हेंबरात ढाक्याजवळ ताझरीन कारखाना जळाला, शंभराहून अधिक कामगार गेले, तेथेही बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या.

थेरेसाबाईंचे आणखी एक लिखाण आम्हाला फार मोलाचे वाटते. १९११ साली त्या पक्षाच्या प्रचारासाठी दक्षिणेकडच्या राज्यांत गेल्या. तेथे त्यांनी पाहिले की गोरे समाजवादी काळ्या कामगारांना आपल्या सभेत येऊ देत नाहीत. सभेत समतेची भाषणे होतात आणि काळा सभासद दाराबाहेर असतो. त्यांनी हे 'कॉल'मध्ये छापले. पक्षाची बदनामी होईल, निवडणुका तोंडावर आहेत, हे आत्ताच कशाला, असे त्यांना कोणी ना कोणी म्हटलेच असेल, आपण सगळे हे वाक्य ओळखतो. आपल्या युनियनमध्ये सफाई कामगार, गँगमन आणि ऑफिसातले कर्मचारी एकाच झेंड्याखाली आहेत. जेवणाच्या सुटीत ते एकाच बाकावर बसतात का, याचे उत्तर ज्याने त्याने आपल्या डेपोपुरते द्यावे.

दुसऱ्या एका बाईंची हकीकत थोडक्यात. रोझ पास्टर, जन्म पोलंडचा. अमेरिकेत क्लीव्हलँडला बारा वर्षे सिगार वळण्याचे काम केले. तंबाखूचे काम काय असते ते निपाणीच्या आणि सिन्नरच्या विडी कामगार भगिनींना विचारा. काम करता करता तिने न्यूयॉर्कच्या एका यिडिश दैनिकाला पत्र पाठवले. संपादकाला ते आवडले, आणखी लिहा म्हणाला. 'झेल्डा' या टोपणनावाने मुलींसाठी तिचा मजकूर येऊ लागला आणि १९०३ साली तिला तेथेच नोकरी मिळाली. हे पत्र काही समाजवादी नव्हते, चांगले सनातनी होते. पण सिगार कामगार मुलीला लिहायला शिकवले ते त्याने. पुढे तिने एका लक्षाधीश समाजसेवकाशी लग्न केले, वर्तमानपत्रांनी सिंड्रेला म्हणून तिचे फोटो छापले. ती मात्र संपांच्या सभांत दिसत राहिली. १९१८ साली महायुद्ध चालू असताना तिने एका दैनिकाला पत्र लिहिले की जे सरकार नफेखोरांसाठी आहे ते लोकांसाठी असू शकत नाही, असा त्याचा आशय. त्या एका पत्रासाठी दहा वर्षांची शिक्षा. अपिलात १९२० साली ती रद्द झाली. एक पत्र लिहून नोकरी लागली, एक पत्र लिहून तुरुंगाची शिक्षा झाली. टपालपेटीची ताकद एवढी असते.

टपालाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, 'कॉल'चा गळा टपाल खात्यानेच आवळला. १९१३ साली स्त्रियांच्या आरोग्यावरचा मार्गारेट सँगर यांचा लेख खात्याने अश्लील ठरवला, तर 'कॉल'ने ती जागा मोकळी सोडून वर, टपाल खात्याच्या हुकमावरून काही नाही, असे छापले. १९१७ मध्ये युद्धविरोधाबद्दल स्वस्त टपाल दराची सवलत काढून घेतली. जे पत्र कामगाराच्या घरी टपालाने जाते त्याची सवलत गेली की ते पत्र लंगडे होते. आपल्याकडेही कामगार चळवळीची नियतकालिके टपाल दरावर जगली आणि मेली आहेत. १९२३ साली 'कॉल' बंद पडला.

तोवर न्यूयॉर्क राज्यात १९१७ सालीच बायकांना मत मिळाले होते. १९१४ पासून थेरेसाबाई समाजवादी मताधिकार मोहिमेच्या प्रमुख होत्या. १९२० साली त्या राज्य विधिमंडळासाठी उभ्या राहिल्या आणि थोडक्यात पडल्या. त्यानंतर त्यांनी आपले आयुष्य प्रौढ शिक्षणाला दिले. परदेशातून आलेल्या बायकांना इंग्रजी वाचायला शिकवायचे, नागरिकत्वाच्या अर्जासाठी तयारी करून घ्यायची. १९४९ मध्ये त्या वारल्या. क्लाराबाई मात्र ९६ वर्षांच्या होऊन १९८२ साली गेल्या. शेवटची वर्षे वृद्धाश्रमात होत्या, तेथेही शेतमजुरांच्या बहिष्कारात व्यवस्थापनाला सामील व्हायला लावले आणि तेथल्या कर्मचाऱ्यांना युनियन करा म्हणून मागे लागल्या. अशा बाईला आमच्या प्रशासनाने कोणत्या डिव्हिजनला बदली केली असती, याचा आम्ही विचार करतो.

सगळे जिंकले असे समजू नका. १९१३ साली या धंद्यात जो मोठा करार झाला त्यात चांगल्या पगाराची कामे पुरुषांकडेच राहिली आणि बायकांचे दर खालचे ठरले. करारावर सही युनियनचीच होती. संप बायकांनी केला, वाटाघाटीला पुरुष बसले. आपल्या वाटाघाटींच्या बैठकीतले फोटो काढून पाहिले तर त्यात किती भगिनी दिसतील?

आपल्याकडे लिहिणाऱ्या बायका नव्हत्या असे नाही. बरोबर त्याच वर्षांत, १९०६ ते १९१२, तानूबाई बिर्जे 'दीनबंधू' चालवत होत्या. हे तेच पत्र, जे नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या बाजूने उभे केले होते. त्यांना थेरेसाबाई माहीत नव्हत्या, थेरेसाबाईंना त्या माहीत नव्हत्या. तानूबाईंचे नाव तरी पुस्तकांत आहे. १९७४ च्या मे महिन्यातल्या रेल्वे संपात वसाहतींवर पोलीस आले, घरे रिकामी करायला लावली, पुरुष तुरुंगात किंवा भूमिगत, आणि चूल बायकांनी चालवली. वीस दिवसांच्या त्या संपाविषयी पुढाऱ्यांची भाषणे, ठराव, आकडे सगळे आहेत. त्या चुलीविषयी ज्या म्हाताऱ्या आया अजून सांगू शकतात त्यांच्याजवळ कोणी वही घेऊन बसलेले नाही. त्यांची संख्या दरवर्षी कमी होते आहे.

आता कामाचे बोलतो. आपल्या विभागाच्या पत्रिकेत भगिनींसाठी दोन पाने राखून ठेवावीत ही मागणी महिला समितीने केली आणि कार्यकारिणीने ती मान्य केली आहे. चर्चेत एक सूर असा निघाला की पाने देऊ, पण लिहिणार कोण? ट्रॅकवर काम करणारी बाई दमून घरी जाते, स्वयंपाक करते, तिला लिहायला वेळ कुठला? प्रश्न खोटा नाही. बऱ्याच भगिनी अनुकंपा तत्त्वावर लागल्या आहेत. नवरा गेला, हातात हातोडा आला. रस्त्याकडेच्या लहान स्टेशनवर ड्यूटी, आडोसा नाही, म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या आमच्या भगिनी आहेत. हे आम्ही बैठकांत किती वेळा मांडले! प्रशासनाचे उत्तर ठरलेले असते, प्रस्ताव विचाराधीन आहे. ही गोष्ट त्या भगिनीने आपल्या शब्दांत, आपल्या सेक्शनचे नाव न घालता का होईना, लिहिली पाहिजे. सकाळी किती वाजता निघते, पाणी कधी पिते, पाळीच्या दिवसांत काय करते. पुरुष चिटणिसाने हे लिहिले तर ते मागणीपत्र होईल, त्यापलीकडे जाणार नाही.

शुद्धलेखनाची भीती बाळगू नका. आम्ही स्वतः मॅट्रिकपुढे गेलेलो नाही, ऱ्हस्व-दीर्घ आमचेही तपासावे लागते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मोबाइलवर बोलून ठेवावे, शाखेतला कोणीतरी ते उतरवून काढील आणि छापण्यापूर्वी त्यांना वाचून दाखवील. त्यांच्या संमतीशिवाय शब्द बदलायचा नाही, असे समितीने ठरवले आहे. मराठी येत नसेल तर हिंदी, तेलुगू, छत्तीसगढी जे येईल त्यात चालेल. क्लारा यिडिशमध्येच बोलली होती. नाव छापायचे नसेल तर कागदाच्या मागे तसे लिहावे, टोपणनाव घालू. रोझचे 'झेल्डा' होते, तुमचे काय ते तुम्ही ठरवा.

पानांची संपादक समिती तीन भगिनींची राहील, त्यात पुरुष पदाधिकारी असणार नाही. मजकूर शाखा कार्यालयात, नाही तर थेट समितीकडे द्यावा. युनियनच्या विरुद्ध काही लिहायचे असेल तर तेही द्यावे, ते आम्ही आधी पाहणार नाही. पहिला अंक एप्रिलअखेर काढायचा आहे, तेव्हा मजकूर १५ एप्रिलपर्यंत यावा. कोरे कागद आणि पेन बाहेर टेबलावर ठेवले आहेत, जाताना घेऊन जावेत.